रेघांचा खण

माझ्या आत्याला मी चार वर्षं फसवलं, आणि तेही तिच्याच दुकानात, तिच्याच कागदावर, तिनंच टोक काढून दिलेल्या पेन्सिलीनं. रागापोटी म्हणाल तर नाही. तिच्यावर माझा इतका जीव होता की खरं सांगायला तोंडच उघडेना. आता आत्या वरच्या खोलीत खिडकीपाशी बसलेली असते, ऐकायला थोडं कमी येतं, आणि मी लिहीत बसले की तिला वाटतं, मी कुणाला तरी पत्र लिहितेय.

आमचं दुकान उताराच्या गल्लीत, बेकरी आणि चष्मेवाला यांच्या मधोमध. रुंदी एवढीच की दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्यानं दारात उभं राहून बोलायचं. आत पाऊल टाकलं की आधी बडीशेपेचा वास यायचा, त्याच्या मागून सुंठीचा, आणि काउंटरपर्यंत पोचलात की दालचिनीचा. मागच्या भिंतीवर जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण होते, एकशे चव्वेचाळीस, प्रत्येक खणाचं तोंड तळहाताएवढं, आत मात्र खोल. एकाही खणावर नाव लिहिलेलं नव्हतं. प्रत्येक भरलेल्या खणाच्या तोंडावर एक बटण बारीक तारेनं बांधलेलं होतं. चार भोकांचं पांढरं बटण म्हणजे बडीशेप. मोठं तपकिरी, कोटाचं, म्हणजे सुंठ. पितळी, खलाशाच्या गणवेशाचं, म्हणजे दालचिनी. लहानपणी दुपारच्या वेळी मी काउंटरखाली आडवी पडून ती भिंत बघत राहायची, आणि डोळे पेंगुळले की वाटायचं, कुणीतरी भलामोठा कोट घालून आपल्यासमोर उभं आहे आणि त्याला घरी जायची घाई नाही. मला त्या कोटाची कधी भीती वाटली नाही.

ते खण बटणांच्या कारखान्यातले. आत्या सोळाव्या वर्षी तिथं निवडणीला लागली आणि अकरा वर्षं तिनं बटणंच निवडली. लाकडाची एकीकडे, हाडाची एकीकडे, शिंपल्याची एकीकडे. शिंपल्याची खोटी बटणंही यायची, हुबेहूब खऱ्यासारखी. ती ओळखायची युक्ती आत्यानं मला फार लवकर शिकवली. बटण गालाला लावायचं. खरा शिंपला गार लागतो.

कारखान्यात दर महिन्याला दोन दिवस तिचं पोट असं दुखायचं की निवडणीच्या टेबलाची कड धरून ती उभी राहायची. एकदा ती बटणांच्या ढिगावरच कोसळली. उठली तेव्हा गालावर चार भोकं उमटलेली. निवडणीची मुकादमीण तोंडानं फटकळ आणि हातानं मऊ. तिनं आपल्या टेबलाखालची किटली काढली. त्यात सुंठ आणि बडीशेप उकळलेली होती.

"पी, आणि दहा मिनिटं मला तोंड दाखवू नकोस," मुकादमीण म्हणाली.

आत्या प्यायली. कोठाराच्या मागं पोत्यांवर जाऊन पडली. वरच्या काचेतून ऊन येत होतं, त्यात बटणांचा भुगा तरंगत होता, आणि तिच्या पोटातली कळ हळूहळू दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी लांब गेली. हे सगळं तिनं मला इतक्या वेळा सांगितलं आहे की तो भुगा मी स्वतः पाहिला आहे असं मला वाटतं. शेवटी मात्र ती नेहमी बोट वर करायची. "गेलं नाही हं. अर्धं झालं. पण अर्ध्यात माणूस उभं राहू शकतं."

कारखाना बंद पडला तेव्हा कुणी खुर्च्या उचलल्या, कुणी शिलाईयंत्रं उचलली. आत्यानं खण उचलले. हातगाडीवर घालून तीन खेपा केल्या, उतार चढून, आणि गल्लीनं तिला वेड्यात काढलं.

तर मुकादमिणीच्या त्या किटलीतून आत्याच्या दुकानातली पुडी आली. सुंठ, बडीशेप, चिमूटभर दालचिनी. गुपित काही नव्हतं, विचारलं की ती प्रमाण सांगून टाकायची. तरी लोक म्हणायचे, आत्याच्या हाताला गुण आहे, आणि आत्या "छे, हाताला कसला गुण" म्हणत म्हणत खूश व्हायची. पाळीच्या दोन दिवस आधी सुरू करायची, रोज एक, अशा सात पुड्या, गरम पाण्यात. नर्सिंगच्या शाळेतल्या मुली यायच्या, टेलिफोन ऑफिसातल्या यायच्या, आईनं पाठवलेल्या यायच्या आणि आईला न सांगता आलेल्याही यायच्या. आत्या विचारायची, "दुखतं?" मुलगी म्हणायची, "हं." आत्या विचारायची, "किती?" आणि तिथंच बोलणं खुंटायचं. मुलगी काउंटरकडे बघायची, आत्या मुलीकडे.

म्हणून तिनं रेघ काढली. म्हणजे रेघ काढायची पद्धत काढली. पुडीचा कागद वीतभर रुंद असायचा. ज्या दिवशी सगळ्यात जास्त दुखलं, त्या दिवशीच्या कागदावर एक रेघ. थोडं दुखलं तर छोटी, जास्त दुखलं तर लांब, आणि अगदी सोसवेनासं झालं तर या कडेपासून त्या कडेपर्यंत. नाव लिहायचं नाही. पहिल्या दिवशी मुलीनं काउंटरवरच्या बटणांच्या बरणीतून एक बटण निवडायचं. त्याचं जुळं आत्या एखाद्या रिकाम्या खणाला बांधायची. मुलगी घरी कागदाखाली आपलं बटण ठेवून वरून पेन्सिल घासायची, की कोपऱ्यात त्याचा ठसा उठायचा. महिन्याच्या महिन्याला ते कागद यायचे, आत्या ते तळहातानं सपाट करायची आणि ज्याच्या त्याच्या खणात ठेवायची. गल्लीत कितीतरी मुली एकमेकींना ओळखत नव्हत्या आणि त्यांची दुखणी आमच्या भिंतीत शेजारी शेजारी झोपलेली असायची.

नियम मात्र कडक. आधी प्रश्न. रक्त फार जातं का, ताप येतो का, रोजची काही गोळी चालू आहे का. रक्त पातळ करायची गोळी असेल तर पुडी नाही, रडलीस तरी नाही. आणि तीन महिन्यांत रेघ आखडली नाही तर आत्या खण रिकामा करून कागद मुलीच्या हातात द्यायची. "माझं काम संपलं. हे घेऊन उताराच्या तळाशी जायचं, डॉक्टरीणबाईंकडे." कुणी का-कू केलं तर एप्रन काढून स्वतः सोबत जायची. डॉक्टरीणबाईंना आधी या प्रकाराचं हसू यायचं. मग त्या म्हणायला लागल्या, "आत्याबाई, तुमच्या सुंठीनं कुणाला बरं वाटतं, कुणाला नाही. पण कुणाला नाही वाटत हे तुमच्या रेघा मला सांगतात, म्हणून दुकान चालू ठेवा."

एकदा समोरच्या गाळ्यात एक चकचकीत दुकान आलं. काचेच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर हिरवं पान, आत कॅप्सुला, सगळं 'शंभर टक्के नैसर्गिक'. तो दुकानदार आत्याकडे येऊन म्हणाला, "बाई, आमचा माल ठेवा. शंभर टक्के गुण येतो."

"शंभर टक्के गुण कशाचाच येत नाही," आत्या म्हणाली. "माझ्या हाताचासुद्धा नाही."

सहा महिन्यांत त्या गाळ्याला कुलूप लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुंठीवाचून खोकला गेला!" आणि आत्या इतकी हसली की तिला काउंटरवर डोकं टेकावं लागलं. तिचं ते हसणं मला फार आवडायचं. त्या हसण्यासाठीच मी पुढं जे करायचं ते केलं.

मी तिच्या भावाची मुलगी. बाबा जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून दोनदा घरी येणार आणि प्रत्येक वेळी मी वाढलेली बघून दचकणार. आई मी पाच वर्षांची असताना हॉस्पिटलात गेली ती गेलीच. जाताना म्हणाली होती, "साध्या तपासणीला जातेय." आत्यानं लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं, आणि एक दिवस तिच्या दारात हातात पिशवी धरून मी उभी. तिनं पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि बटणांची बरणी माझ्यासमोर ठेवली. मी सगळ्यात लहान काळं उचललं. "मुंगी आहेस झालं," ती म्हणाली. तेव्हापासून माझं नाव मुंगी.

चौदाव्या वर्षी माझं पोट दुखायला लागलं तेव्हा आत्या हादरली नाही, उलट तिच्यात वारं शिरलं. चाळणीतून तीनदा चाळलेली सुंठ, ताजी बडीशेप, काळं बटण लावलेला नवा खण. मी पुड्या घेतल्या आणि पहिल्या महिन्यात कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ काढली. खरं तर कागद कमी पडला होता. आत्या म्हणाली, "होतं असं पहिल्यांदा." दुसऱ्या महिन्यात तिनं सुंठ वाढवली. मी पुन्हा पूर्ण रेघ काढली. त्या दिवशी ती जेवली नाही. मी दुकान आणि घर यांच्या मधल्या पडद्याच्या फटीतून बघितलं, ती खणांसमोर स्टुलावर बसली होती, एप्रनच्या टोकानं डोळे पुसत होती आणि भिंतीला विचारत होती, "गल्लीतल्या पोरींना चालतं, मग माझ्याच पोरीला का नाही?"

तिसरा महिना आला. तिसऱ्या महिन्यानंतर काय, ते मला पाठ होतं. उताराच्या तळाशी. तपासणी. तपासणी या शब्दाला माझ्या डोक्यात एक पांढरं दार होतं, आणि त्या दारातून कुणी परत येत नव्हतं. मी पेन्सिल हातात घेतली, पोटात कुणी ओलं कापड पिळत होतं, आणि मी अर्ध्या कागदाएवढी रेघ काढली.

आत्यानं तो कागद उजेडाकडे धरला. मग ती हसली. तेच हसणं, काउंटरवर डोकं टेकून. गॅसवर दूध उतू गेलं तरी तिला कळलं नाही.

त्यानंतर मागं फिरायची वाटच राहिली नाही. अर्ध्याची पाव झाली, पावाची बोटभर. आत्या नव्या मुलींना माझा खण उघडून दाखवायची. "आमच्या घरचीच साक्ष बघा. कडेपासून कडेपर्यंत होती, आता बोटभर!" मुली माझ्याकडे बघायच्या आणि मी हसायची. दुसऱ्या कुणाची रेघ तीन महिन्यांत हलली नाही की हीच आत्या लगेच एप्रन काढायची. माझ्या रेघेकडे मात्र ती आईच्या डोळ्यांनी बघायची, निवडणीच्या डोळ्यांनी नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

लपवायला मी तरबेज झाले. शाळेत बाकाची कड पोटात रुतवून बसायचं. दुखण्याचे दिवस आले की "अभ्यासाचा कंटाळा आलाय" म्हणून पडद्यामागच्या बाकावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडायचं. तिथं एक विचित्र गुंगी यायची. कळ आली की पडदा लांब जायचा, दुकानातले आवाज पाण्याखालून आल्यासारखे यायचे, भिंतीवरची सगळी बटणं सुटून हवेत फिरायला लागायची, पांढरी, पितळी, तपकिरी, आणि मी त्यांच्यात माझं काळं शोधत राहायची. ते कधी सापडायचं नाही. कळ ओसरली की बटणं आपापल्या जागी जाऊन बसायची आणि बाहेरून आत्याचा आवाज यायचा, "किती?" नाही, मला नाही, दुसऱ्या कुणाला तरी.

मी अठरा वर्षांची झाले. डॉक्टरीणबाई वर्षातून दोनदा आपल्या सुट्टीच्या दुपारी कॉफी प्यायला यायच्या आणि दोघी मिळून काउंटरवर कागद मांडून बघायच्या. त्या दिवशी मी नेमकी पडद्यामागं होते, गुडघे पोटाशी घेऊन. आत्यानं आधी सगळ्यांचे कागद दाखवले आणि माझे, आजवर त्यांना कधी न दाखवलेले, राखून ठेवले.

"आता हे बघा. ओळखा कुणाचे."

कागद सरकल्याचा आवाज आला. मग पुन्हा एकदा, पहिल्यापासून.

"ओळखायचं काय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे कुणाचेच नाहीत."

"म्हणजे?"

"आत्याबाई, दुखणं असं जिना उतरल्यासारखं पायरी पायरीनं उतरत नाही. एक महिना बरा जातो, एक वाईट. इथं चार वर्षांत एकदाही रेघ मागच्यापेक्षा वाढलेली नाही. ही कुणीतरी बसून आखलेली आहे."

"माझ्या घरातल्या पोरीवर शंका घेता?" आत्याचा आवाज चढला. "माझं पोर माझ्याशी खोटं बोलेल?"

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. "तिला घेऊन या एकदा," एवढं म्हणून त्या कॉफी तशीच ठेवून गेल्या. मला वाटलं आता आत्या पडदा ओढून आत येईल. ती आली नाही. एकेक खण उघडल्याचा आवाज येत राहिला. तिनं दुसऱ्या मुलींचे कागद काढले असणार आणि माझ्या कागदांशेजारी मांडले असणार. त्यांच्या रेघा थरथरलेल्या, मध्येच तुटलेल्या, कुठं पेन्सिलीचं टोक कागदात घुसलेलं. माझ्या सगळ्या सरळ. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण ते असं उघड्या खणांच्या आवाजानं फुटेल हे मला ठाऊक नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

पडदा सरकला. आत्या बाकाशी बसली आणि तिनं आपला गाल माझ्या गालाला लावला. माझ्या अंगाला घाम सुटला होता. ती तशीच राहिली, बटण पारखताना राहायची तशी, श्वास रोखून.

"गार आहेस," ती म्हणाली. "खरं आहे."

ती उठली आणि भर दुपारी दुकानाचं दार आतून लावलं. तेवीस वर्षांत असं झालं नव्हतं. काउंटरच्या टोकाला पुड्यांच्या कागदाचा मोठा गुंडाळा दांडीवर बसवलेला असायचा. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून जमिनीवर ठेवला, त्याचं टोक दारापाशी दाबलं आणि माझ्या हातात पेन्सिल दिली.

"काढ. खरी काढ."

मी गुडघ्यांवर बसले आणि रेघ काढायला लागले. आत्या माझ्यासमोर रांगत रांगत मागं सरकत होती आणि कागद उलगडत होती. बंद दाराच्या फटीतून उन्हाची एक पट्टी कागदावर आली होती, रेघ त्या पट्टीतून पलीकडे गेली. कळ आली की मी थांबायची, तिथं पेन्सिल रुतायची. आम्ही काउंटर ओलांडलं. आम्ही पडदा ओलांडला. स्वयंपाकघरात टेबलाच्या पायाशी तिनं कागद वळवला आणि मीही वळले. मला रडू येत होतं आणि हलकंही वाटत होतं, तापात वाटतं तसं, जणू मी हे आधी कधीतरी स्वप्नात केलं होतं.

"अजून आहे?" ती दर थोड्या वेळानं विचारायची.

"आहे," मी म्हणायची.

जिन्याच्या पहिल्या पायरीला तिची पाठ टेकली तेव्हा कागद संपला. आत्या पायरीवर बसली. तिचे केस सुटले होते, गुडघे धुळीनं भरले होते.

"चार वर्षं?"

"चार."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"सगळ्या म्हणतात तुझ्या हाताला गुण आहे. तुझा हात चुकला असता."

आत्या पायरीवरून खाली सरकली. मग तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. "अगं मुंगे," ती म्हणाली, "हात माझा होता. पोट तुझं होतं."

त्याच संध्याकाळी आम्ही उतार उतरलो. आत्याच्या काखेत तो गुंडाळा होता. डॉक्टरीणबाईंनी तो टेबलावर थोडासाच उलगडला, बाकीचा तसाच राहू दिला, आणि मला पलंगावर झोपायला सांगितलं. ते दार पांढरं नव्हतं, हिरवट होतं, आणि आत्या दाराच्या आतल्या बाजूला उभी होती. पुढं तपासण्या झाल्या. गर्भाशयाच्या आतलं अस्तर भलतीकडेच, बाहेर वाढत होतं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. डावं अंडाशय त्यात पार गुरफटलं होतं, ते काढावं लागलं. उजवं वाचलं. दोन वर्षं आधी आली असतीस तर कदाचित दोन्ही वाचली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारण मीच त्यांना खरं सांगा म्हटलं होतं.

"सुंठीचा दोष नाही," त्यांनी आत्याला सांगितलं. "सुंठ वाईट नव्हती. उशीर वाईट झाला."

आत्यानं ऐकून घेतलं आणि दुकान बंद केलं. एक आठवडा, दोन आठवडे. मला पेज भरवायची, माझ्या पायांवर पांघरूण घालायची आणि त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. मला वाटलं, आता हे खण पुन्हा हातगाडीवर चढणार. मी तिची क्षमा मागितली, तिनं माझी मागितली, आणि त्यानं काहीच बदललं नाही.

दुकान उघडलं ते मुलींनी. महिना भरत आला तसे दाराखालून कागद यायला लागले. कुणी हाक मारली नाही, कुणी दार ठोठावलं नाही. सकाळी बघावं तर फरशीवर चार-पाच कागद, प्रत्येकाच्या कोपऱ्यात बटणाचा ठसा. आत्या ते न बघताच काउंटरवर ठेवायची. एका सकाळी तिच्याकडून चुकून एक बघितला गेला. कोपऱ्यात चांदणीच्या आकाराच्या बटणाचा ठसा आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ. तिनं चांदणीचा खण उघडला. आत दोन कागद होते, तसेच. हा तिसरा.

आत्यानं तिन्ही कागद तळहातानं सपाट केले. मग तिनं खुंटीवरचा एप्रन काढला, गळ्यात घातला, दार उघडलं आणि चांदणीचं बटण दोऱ्याला बांधून त्या मुलीला दिसेल असं दारावर टांगलं. तिसऱ्या दिवशी टेलिफोन ऑफिसातली एक शिडशिडीत मुलगी दारात उभी राहिली, हातात तसलंच बटण. आत्या तिला घेऊन उतार उतरली.

पण आत्या बदलली. तिनं दोन गोष्टी ठरवल्या. घरच्या माणसाची रेघ घरच्यानं बघायची नाही, म्हणून माझे कागद थेट डॉक्टरीणबाईंकडे जायला लागले, आणि मी त्यांच्या गोळ्यांबरोबर, त्यांना विचारून, आत्याची पुडीही घेत राहिले. माझी रेघ आता वर-खाली व्हायची आणि बहुतेक वेळा अर्ध्याच्या आत असायची. दुसरी गोष्ट मला जास्त जड गेली. छोटी रेघ बघून हसणं तिनं सोडलं. कुणी बोटभर रेघ आणो की कागदभर, ती तळहातानं कागद सपाट करायची आणि म्हणायची, "बरं." तेवढंच, एकाच आवाजात. मुलींना ते कोरडं वाटायचं. मला कारण माहीत होतं, आणि माझ्यापायी तिचं हसणं गेलं याचं मला अजून वाईट वाटतं.

यालाही आता वीस वर्षं झाली. दुकान मी बघते. आत्याचे गुडघे गेलेत. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, त्यांनी दिलेल्या गोळ्या ती घेते, आणि वरून मी तिला सुंठ घालून तेल कढवून देते. हे तेल मी तीन वेळा गाळते. रोज दुपारी तिच्या पायांना चोळते, आणि आठवड्याला तिच्यासमोर कागद ठेवते. पहिल्या आठवड्यात तिनं कडेपासून कडेपर्यंत रेघ काढली. दुसऱ्या आठवड्यात अर्धी. मग पाव. काल तिनं कागद माझ्याकडे सरकवला, त्यावर नुसतं टिंब होतं.

"बघ! बघितलंस?" मी ओरडलेच. कागद उजेडाकडे धरला आणि मोठ्यानं हसले. बेकरीवाल्यालासुद्धा खाली ऐकू गेलं असेल.

"हाताला गुण आहे हो तुझ्या," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

कागद खणात ठेवायला मी खाली आले. खण उघडला. चार कागद एकावर एक ठेवले आणि माझा हात तिथंच थांबला. पूर्ण, अर्धी, पाव, टिंब. सरळ, नीट, पायरी पायरीनं. आणि त्याच सकाळी ती भिंत धरून न्हाणीघरापर्यंत गेली होती, हे मी जिन्यातून बघितलं होतं. बघूनही मी तेलाचंच कौतुक करत बसले होते.

मी दुकानाचं दार लावलं. दांडीवरचा गुंडाळा काढून वर नेला. आत्यानं तो बघितला आणि तिचा चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला.

"अगं, मला खाली बसवत नाही," ती पुटपुटली.

"बसू नकोस."

मी कागदाचं टोक तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्या बोटांत पेन्सिल दिली. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. मी हसले नाही, रडलेही नाही. "बरं," एवढंच म्हणाले, तिच्याच आवाजात. मग तिनं पेन्सिल टेकवली. थरथरत रेघ तिच्या मांडीवरून खुर्चीच्या हातापर्यंत आली, तिथून मी कागद ओढत राहिले, खाटेपर्यंत, खाटेवरून उशीपर्यंत. खिडकीतलं ऊन कागदावर पडलं होतं आणि खालून बडीशेपेचा वास येत होता.

"अजून आहे?" मी विचारलं.

"आहे," आत्या म्हणाली, आणि मी कागद उलगडत राहिले.